वेबसाइटचा मेनू कसा असावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या छोट्या संस्थांच्या वेबसाइट बांधताना हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात. विचारणारे कधी वाचनालयाचे कार्यवाह असतात, कधी क्लासचे सर, कधी लक्ष्मी रस्त्यावरचे दुकानदार, तर कधी सोसायटीचे सेक्रेटरी. सगळं वाचायला वेळ नसेल तर मेनूतल्या नावांविषयीचा प्रश्न तेवढा वाचा. बहुतेक साइटचं दुखणं तिथेच असतं.

नेव्हिगेशन म्हणजे वरचा मेनूच ना?

मेनू हा त्यातला एक भाग. आपण कुठे आहोत, इथे काय काय मिळतं आणि आपल्याला हवं ते कुठल्या बाजूला आहे, हे आलेल्या माणसाला ज्या ज्या गोष्टींवरून कळतं ते सगळं नेव्हिगेशन. पानाचं शीर्षक, मजकुरातल्या लिंक, सर्च, फूटर (पानाच्या अगदी तळाची पट्टी), बटणावरचे शब्द, लोगोवर क्लिक केल्यावर मुख्य पान उघडणं, हे सगळं त्यात आलं.

माणूस आधी मुख्य पानावरच येतो, ही समजूत सोडून द्या. तो गूगलवरून किंवा कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून थेट आतल्या पानावर उतरतो. वाड्याच्या दिंडीदरवाजातून न येता एकदम माडीवरच पोचावं तसं. म्हणून ही साइट कुणाची, हे पान कशाचं आणि इथून पुढे कुठे जाता येईल, हे प्रत्येक पानावर दिसलं पाहिजे.

मेट्रोने जात असाल तर जिल्हा न्यायालय स्थानक आठवा. अजूनही अनेकांच्या तोंडी ते सिव्हिल कोर्टच आहे. तिथे पर्पल मार्गिका जमिनीखाली आणि ॲक्वा मार्गिका वर आहे. मार्गिका बदलणाऱ्याला त्या क्षणी एवढंच कळायला हवं असतं: वनाजकडे कुठून, रामवाडीकडे कुठून. पाटी त्या वळणावर हवी. दहा पावलं आधी किंवा नंतर असून उपयोग नाही. वेबसाइटवरही तेच लागू पडतं. फीचं पान वाचून झालं की पालकाच्या मनात पुढचा प्रश्न असतो, ‘आता अर्ज कुठे भरायचा?’ त्याची लिंक त्या पानाच्या शेवटी हवी. त्यासाठी त्याला पुन्हा वर जाऊन मेनू धुंडाळायला लावू नका.

मेनूत किती गोष्टी ठेवाव्यात? सातच्या वर नकोत असं ऐकलंय.

सातचा आकडा जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ सालच्या लेखातून आला. तो लेख माणूस एका वेळी किती गोष्टी ध्यानात धरू शकतो याबद्दल होता. मेनू पाठ करायचा नसतो, तो डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे आठ झाले म्हणून बिघडत नाही आणि पाच आहेत म्हणून मेनू आपोआप चांगला ठरत नाही. दोन नावांत गोंधळ होतो का, एवढं बघा. छोट्या संस्थेचं काम बहुधा पाच-सहा नावांत भागतं.

मेनूतली नावं कशी ठरवायची?

पुण्यात लकडी पूल आहे. त्याचं लाकूड कधीच गेलं आणि अधिकृत नाव छत्रपती संभाजी महाराजांचं आहे. तरी रिक्षात बसल्यावर आपण लकडी पूलच सांगतो आणि बरोबर पोचतो. जंगली महाराज रस्ता बोलण्यात जे. एम. रोड होतो, अप्पा बळवंत चौक एबीसी होतो. मेनूत लोकांच्या तोंडातलं नाव ठेवा. अधिकृत नाव आतल्या पानाच्या पहिल्या ओळीत सन्मानाने येऊ द्या.

आणखी एक उदाहरण देतो, कारण मला ते फार उपयोगी पडतं. पुण्यातल्या काही पेठांना वारांची नावं आहेत. ती आपल्याला प्रिय आहेत, पण कुठल्या पेठेत काय मिळतं हे वारावरून कळत नाही; ते पुण्यात राहून माहीत होतं. याउलट कसबा पेठेतली तांबट आळी घ्या. तिथे तांब्याचं काम चालतं हे नावच सांगतं. ‘उपक्रम’, ‘सुविधा’, ‘दालन’, ‘सेवा’, ‘इतर’ ही मेनूतली नावं पेठांसारखी आहेत. आत काय आहे ते फक्त संस्थेतल्या माणसांना ठाऊक. पहिल्यांदा येणाऱ्यासाठी मेनूत तांबट आळ्या हव्यात.

हे मी स्वतः सोसलेलं आहे. वडिलांना तपासणीसाठी न्यायचं होतं. रात्री साडेदहाला एका रुग्णालयाच्या साइटवर मी ओपीडीची वेळ शोधत होतो. मेनूत ‘रुग्णसेवा’, ‘विशेष विभाग’, ‘सुविधा’ आणि ‘उत्कृष्टता केंद्रे’ होते. चारही उघडून पाहिले. वेळापत्रक शेवटी ‘डाउनलोड’ या नावाखाली सापडलं, तेही तिरपं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. अक्षरं मोठी करून पाहायला गेलो की डॉक्टरांचं नाव पडद्याबाहेर जायचं आणि नावाकडे सरकलं की वेळ दिसेनाशी व्हायची. शेजारी वडील चष्मा लावून बसले होते. ‘राहू दे, सकाळी फोन करू,’ म्हणाले. त्या साइटवर माहिती होती, पण घरात काळजी असताना ती हाताला लागली नाही.

मग नावं कुठून आणायची? ऑफिसच्या फोनशेजारी एक वही ठेवा आणि आठवडाभर आलेला प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून काढा. आपल्या भाषेत सुधारून लिहू नका. एका वाचनालयात आम्ही हे केलं. वहीत सारखं येत होतं: वर्गणी किती, रविवारी उघडं असतं का, अमुक पुस्तक आहे का, पुस्तक परत करायला उशीर झाला तर काय. साइटच्या मेनूत मात्र ‘ध्येय व उद्दिष्टे’, ‘कार्यकारिणी’, ‘उपक्रम’, ‘दालन’, ‘छायाचित्रे’ आणि ‘संपर्क’ असं होतं. वहीतला एकही शब्द मेनूत नव्हता. नवा मेनू असा झाला: वर्गणी आणि सभासदत्व, वेळा आणि पत्ता, पुस्तक शोधा, कार्यक्रम, वाचनालयाविषयी.

पण कार्यकारिणी आणि अध्यक्षांचं मनोगत मेनूत नको, असं सांगायचं कसं?

हा प्रश्न नाजूक आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. संस्थेसाठी वर्षानुवर्षं विनामोबदला झिजलेली माणसं असतात. आपलं नाव साइटवर नीट दिसावं, ही त्यांची अपेक्षा रास्तच आहे. मी बैठकीत वही पुढे ठेवतो. ‘आठवडाभरात वर्गणी किती जणांनी विचारली आणि कार्यकारिणी कोणी विचारली, तुम्हीच मोजा.’ मोजणी त्यांच्याच हातून झाली की वाद मिटतो. मग ‘वाचनालयाविषयी’ या पानावर स्थापनेपासूनचा इतिहास, विश्वस्त आणि मनोगत छायाचित्रांसकट, ऐसपैस मांडतो. पूर्वी ही नावं पाच वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली असायची. आता एकत्र वाचली जातात.

शब्द मराठी ठेवावेत की रूढ इंग्रजी?

तुमचा वाचक जो शब्द बोलतो, तो. ‘मुखपृष्ठ’ चालेल, ‘होम’ही चालेल, एक ठरवा आणि सगळीकडे तोच ठेवा. खरी काळजी दोन अर्थांच्या मराठी शब्दांची घ्यायची.

‘प्रवेश’ घ्या. कॉलेजच्या साइटवर ‘प्रवेश’ म्हणजे ॲडमिशन. त्याच पानाच्या कोपऱ्यात लॉग इनसाठी ‘प्रवेश करा’ लिहिलं की बारावीच्या मुलाचे पालक तिथे जाऊन पासवर्डच्या चौकटीसमोर अडकतात. ‘सूचना’ तर त्याहून फसवी: नोटीसही सूचना, अर्ज कसा भरायचा तेही सूचना आणि तुमचा अभिप्रायही सूचना. ‘खाते’ म्हणजे बँकेतलं खातं की संस्थेतलं एखादं खातं, म्हणजे विभाग? अशा ठिकाणी दोन शब्द वापरायला कंजूषी करू नका. ‘नव्या नोटिसा’, ‘अर्ज कसा भरायचा’, ‘अभिप्राय कळवा’ असं लिहिलं की शंका उरत नाही. या बाबतीत ‘लॉग इन’ हा शब्द मला ‘प्रवेश’पेक्षा शंभर टक्के जास्त पसंत आहे.

पानांची विभागणी कशी करायची? आमच्याकडे तीस-चाळीस पानं आहेत.

चिठ्ठ्या करा. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर एकेका पानाचा विषय लिहा, त्या टेबलावर पसरा आणि संस्थेबाहेरच्या पाच-सहा जणांना एकेक करून बोलवा. ‘ज्या चिठ्ठ्या एकत्र असाव्यात असं वाटतं त्यांचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्या,’ एवढंच सांगा. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. त्यांचं काम चालू असताना आपण गप्प बसायचं. मदत करायचा मोह आवरणं हेच यातलं सगळ्यात अवघड काम.

गठ्ठे एकमेकांशी जुळले की विभाग ठरले. जुळले नाहीत तिथे जास्त लक्ष द्या. एका शाळेत ‘शिष्यवृत्ती’ची चिठ्ठी पालकांनी फीच्या गठ्ठ्यात टाकली आणि शिक्षकांनी ‘विद्यार्थी कल्याण’मध्ये. दोघांचंही बरोबर होतं: पालकाला पैशांची चिंता, शिक्षकाला योजनेची. मग पान एकच ठेवून त्याची लिंक दोन्हीकडून दिली. कागदाची फाईल एकाच कपाटात ठेवावी लागते; वेबसाइटच्या पानाला ती अडचण नाही.

विभाग ठरले की डिझाइन करण्याआधीच नावांची नुसती यादी कागदावर उतरवा आणि दोन-तीन नव्या माणसांना विचारा, ‘अमुक गोष्ट कुठे शोधाल?’ रंग आणि चित्रं नसताना जी यादी चालते, ती पुढेही चालते.

मोबाइलवर तीन आडव्या रेघांचं चिन्ह पुरेसं आहे का?

ते चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकासाठी काढलं. हा संगणक १९८१ साली बाजारात आला. आज बहुतेक तरुणांना चिन्ह कळतं, पण वयस्कर माणसं ते नक्षी समजून सोडून देतात हे मी अनेकदा पाहिलंय. म्हणून त्या रेघांशेजारी ‘मेनू’ हा शब्द लिहा. दोन अक्षरांना जागा मिळतेच.

आणि सगळंच त्या रेघांमागे दडवू नका. ज्या दोन-तीन कामांसाठी लोक येतात ती उघडी ठेवा. दुकान असेल तर ‘फोन करा’ आणि ‘दुकान कुठे आहे’ ही दोन बटणं पडद्याच्या तळाशी, अंगठा सहज पोचतो तिथे.

बटणं केवढी असावीत? वेब सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांसह सगळ्यांना साइट वापरता यावी यासाठीच्या, डब्ल्यूसीएजी २.२ या मानकात (ऑक्टोबर २०२३) किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल सांगितलेत. ॲपल ४४ पॉइंट सुचवतं, अँड्रॉइडसाठी ४८ डीपी सुचवलं जातं (पिक्सेल, पॉइंट, डीपी ही सगळी पडद्यावरची मापं). मी ४८ च्या खाली सहसा जात नाही. तुळशीबागेच्या गर्दीत, एका हातात पिशवी धरून कुणीतरी ते बटण दाबणार आहे.

ड्रॉपडाउन ठेवावा का?

ड्रॉपडाउन म्हणजे मेनूतल्या नावाखाली उघडणारी उपयादी. ठेवायचीच तर एकच पातळी, आणि क्लिक केल्यावर उघडणारी. नुसता माउस नेल्यावर उघडणारे मेनू मोबाइलवर कामाचे नाहीत, कारण बोटाला ‘वर नेणं’ माहीतच नसतं. ड्रॉपडाउनमधून आणखी एक ड्रॉपडाउन काढू नका. माउस जरा तिरपा गेला की सगळा डोलारा मिटतो आणि माणूस चिडतो.

कुठलंही पान तीन क्लिकमध्ये सापडलंच पाहिजे ना?

या नियमाला आधार नाही. पुढच्या पानावर हवं ते मिळेल असा भरवसा प्रत्येक पावलाला वाटत असेल, तर माणूस पाच क्लिकही न कुरकुरता करतो. पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या संशोधकांनी १९९० च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत यावर काम केलं. शिकारी प्राणी वासावरून माग काढतात, तसा माणूस शब्दांवरून माहितीचा माग काढतो, अशी त्यांची मांडणी आहे. ‘अधिक वाचा’ या लिंकला वास नाही. ‘जूनच्या प्रवेशासाठी लागणारी कागदपत्रं’ या लिंकला आहे. क्लिक मोजत बसण्यापेक्षा हे तपासा.

ब्रेडक्रंब लागतात का?

ब्रेडक्रंब म्हणजे पानाच्या वरच्या बाजूला, आपण कुठल्या विभागातून आत आलो ते दाखवणारी ओळ. पानांच्या तीन-चार पातळ्या असतील तर हो: होम › अभ्यासक्रम › इयत्ता दहावी › फी. आतल्या पानावर थेट उतरलेल्याला आपण कुठे आहोत हे यावरून पटकन कळतं. दहा पानांच्या साइटला गरज नाही.

सर्च दिलं की मेनूवर एवढी मेहनत कशाला?

सर्चमध्ये काय लिहायचं ते आठवावं लागतं. मेनूत समोर दिसलेलं फक्त ओळखायचं असतं, आणि ओळखणं आठवण्यापेक्षा केव्हाही सोपं. शिवाय मराठी सर्चच्या अडचणी वेगळ्याच आहेत. ‘पुणे’ शोधलं तर ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुण्याच्या’ असलेली पानं सापडत नाहीत, कारण आपल्याकडे विभक्ती लागताना शब्दाचं रूपच बदलतं. कुणी ‘शुल्क’ लिहितं, कुणी ‘फी’, आणि बरेच जण मराठी शब्दच रोमन लिपीत टाइप करतात.

त्यातही एक न दिसणारी अडचण आहे. ‘ॲडमिशन’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, दोन प्रकारे साठतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ अधिक चंद्र असा. ‘दऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चंही तसंच. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे वाटतात आणि उत्तर येतं, ‘काहीही सापडले नाही’. साइट बनवणाऱ्याला सांगा की शोधण्याआधी दोन्ही रूपं एक करून घ्यायची, आणि नेहमीच्या शब्दांची रूपं व पर्यायी शब्द यांची यादी जोडायची. लोक काय शोधतात त्याची नोंद ठेवा. महिन्याभराने ती फोनशेजारच्या वहीइतकीच बोलकी होते.

देवनागरी मेनू विचित्र का दिसतो?

डिझाइन रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून केलेलं असतं म्हणून. आपल्या अक्षरांना वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं असतात. बटणाची उंची अपुरी पडली की वरचा भाग कापला जातो. एका साइटवर ‘वर्गणी’चा रफार गेला आणि मेनूत कित्येक महिने ‘वगणी’ मिरवत होती. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवा.

दुसरी चूक अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची. रोमनमध्ये ते ऐटदार दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. हे अंतर शून्यच ठेवा. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे मोफत मिळणारे फाँट लहान आकारातही स्वच्छ वाचता येतात. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा. त्यामुळे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, मराठी आवाज निवडू शकतो, आणि फाँटमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न दिसता आपल्या वळणाचे दिसतात.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत साइट हवी असेल तर?

भाषेचं बटण वर उजवीकडे, प्रत्येक पानावर, आणि प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत. भाषा बदलल्यावर माणूस त्याच पानावर राहिला पाहिजे. फीचं पान वाचताना ‘मराठी’ दाबलं आणि मुख्य पानावर फेकले गेलो, असं व्हायला नको.

दृष्टिहीन वाचकांसाठी वेगळं काही करावं लागतं का?

वेगळी साइट नको, हीच नीट बनवा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला प्रत्येक पानावर अख्खा मेनू पुन्हा ऐकावा लागू नये म्हणून सुरुवातीलाच ‘थेट मजकुराकडे जा’ ही लिंक द्या. मेनू माउसशिवाय, फक्त टॅब आणि एंटर वापरून चालवून बघा. आपण कुठल्या नावावर आहोत ते चौकटीने स्पष्ट दिसलं पाहिजे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक किमान ४.५ : १ हवा, म्हणजे फिकट करड्यावर पांढरी अक्षरं बाद. चालू पान नुसत्या रंगाने दाखवू नका, खाली रेघही द्या. मेनू सगळ्या पानांवर त्याच क्रमाने ठेवा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा डिजिटल माध्यमांच्या सुगम्यतेबद्दलही बोलतो. पण कायदा नसता तरी मी हे सोडलं नसतं.

मेनू बरोबर झाला हे कसं ओळखायचं?

माणसांना वापरायला देऊन. वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं की पाच जणांकडून पाहणी केली तरी बहुतांश अडचणी वर येतात. माझाही अनुभव तसाच आहे. काम सांगताना मात्र मेनूतला शब्द उच्चारू नका. ‘सभासदत्वाचं पान उघडा’ म्हटलं तर ते फक्त शब्द जुळवतील.

त्याच वाचनालयाच्या जुन्या साइटवर आम्ही एका निवृत्त शिक्षिकाबाईंना सांगितलं होतं, ‘तुमच्या नातीला उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं वाचनालयात नाव घालायचंय.’ त्यांचा अंगठा ‘उपक्रम’वर आला, टेकला नाही, खाली ‘दालन’पर्यंत गेला, पुन्हा वर आला. मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘मला हे फोनचं नीटसं जमत नाही हो.’ पस्तीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई आमच्या मेनूची चूक स्वतःवर घेत होती. नव्या मेनूवर आठवडाभराने त्यांनाच पुन्हा बसवलं. ‘वर्गणी आणि सभासदत्व’वर बोट थेट गेलं, आणि त्या सुट्टीची वर्गणी मोठ्याने वाचू लागल्या.

मेनू बदलला की जुन्या लिंकचं काय?

जुना प्रत्येक पत्ता नव्या पानाकडे वळवा. तांत्रिक भाषेत याला ३०१ रिडायरेक्ट म्हणतात. तरीही कुणी चुकून हरवलेल्या पानावर आलं तर तिथे सर्च आणि मुख्य विभागांची नावं असू द्या. वर्गणीच्या पावतीवर, पत्रिकेवर, दारावरच्या फलकावर छापलेले क्यूआर कोडही विसरू नका. ते बदलता येत नाहीत, म्हणून मेनू बदलल्याच्या दिवशीच एकेक स्कॅन करून बघा.